उचललेलं पेन

आमच्या भिसेगावातल्या घरात चुलीवर तवा कधी चढवायचा, ते घड्याळावर नाही, रेडिओवर ठरायचं. म्हणजे रेडिओवरच्या बातम्यांवर नव्हे, त्यातल्या खरखरीवर. माझे वडील कर्जत स्टेशनात पॉइंटमन होते. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की घाट चढवायला तिच्या मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. ते जोडायचं काम बाबांकडे. बँकर लागला, त्याने वरच्या तारेतून वीज ओढायला सुरुवात केली, की आमच्या रेडिओतलं गाणं बुडायचं आणि खर्रर्र असा आवाज यायचा. सकाळपाळीत दुपारची मालगाडी ही बाबांची शेवटची गाडी असायची. "लागला गं बाई बँकर," असं स्वतःशीच म्हणत आई तवा चढवायची, आणि बाबा दारात पाय धूत असायचे तोवर पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची.

हे आधी सांगतोय, कारण पुढे मी जो गाढवपणा केला त्याचं मूळ इथे आहे. गाढवपणा म्हणतोय खरा, पण गाढव बिचारं खोटं बोलत नाही.

बाबा चौथी शिकलेले, पण रेल्वेचे नियम तोंडपाठ. घरात काही सांडलं, फुटलं आणि आम्ही भावंडं एकमेकांकडे बोटं दाखवायला लागलो की ते म्हणायचे, "चूक झाली की आधी बावटा, मंग तोंड." म्हणजे रुळांचा सांधा चुकला, जोडणी नीट बसली नाही, काहीही झालं, तरी पहिल्यांदा लाल बावटा दाखवून गाडी उभी करायची. कुणाचं चुकलं, कसं चुकलं, ती पंचाईत नंतर. एकदा त्यांच्याच हातून जोडणी अर्धवट राहिली होती. गाडी वीतभर हलली तेव्हा त्यांच्या ते लक्षात आलं. सगळ्या स्टेशनासमोर बावटा हलवून त्यांनी गाडी थांबवली आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. घरी येऊन ती गोष्ट हसत हसत सांगितली. मला मात्र तेव्हा त्यांची लाज वाटली होती. लोकांनी शिव्या घातल्या त्यात हसण्यासारखं काय आहे, असं वाटलं होतं.

छप्पन सालानंतर आमची आळी बौद्ध झाली, तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. त्या वयातही एक गोष्ट घरोघरी ऐकून डोक्यात बसली होती, की आपण शिकायचं, आणि शिकून गेलो तिथे कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. दुसऱ्याचा पोरगा चुकला तर तो एकटा चुकतो, आपला चुकला की म्हणतात, हे असेच. मी रेडिओ मेकॅनिकचा कोर्स केला आणि मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ म्हणून लागलो. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. दूधवाला असो, तिकीट तपासनीस असो, बँकरचा ड्रायव्हर असो, समोर आला की बाबा सुरू व्हायचे, "माझा पोरगा ताऱ्यांच्या हापिसात हाय." मी चिडायचो. "बाबा, मी नुसती यंत्रं दुरुस्त करतो," म्हणायचो. ते म्हणायचे, "मंग? ताऱ्यांचीच करतोस ना रं?"

आमच्या विभागाचं काम क्ष-किरणांचं होतं. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात तेच किरण, फक्त हे आभाळातून येणारे. हवा त्यांना खाली येऊ देत नाही, म्हणून उपकरण भल्यामोठ्या प्लॅस्टिकच्या फुग्याला टांगून वीस-बावीस मैल वर सोडायचं. वर ते किरण मोजतं आणि मोजलेलं रेडिओने खाली पाठवतं. खाली आमचं यंत्र ते पकडतं आणि सरकत्या कागदावर पेनाने रेघ ओढतं. किरण वाढले की पेन वर, कमी झाले की खाली. एवढंच. ह्या 'एवढंच'साठी माणसं वर्षानुवर्षं राबत होती.

त्यातल्या एक म्हणजे आमच्या मॅडम. साताऱ्याकडच्या. पीएचडी करत होत्या, माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या असतील. बोलणं फटकळ, पण मनात काही नाही. मला कधी नावाने हाक मारली नाही. "अहो कर्जतवाले," म्हणायच्या, कारण डबा खाताना मी कर्जतशिवाय दुसरा विषय काढत नसे. रेडिओची खरखर, तवा, भाकरी, हे सगळं त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी ज्याचा ध्यास घेतला होता ती जोडी होती. दोन तारे एकमेकांभोवती फिरणारे. एक अवाढव्य, निळा, सूर्यापेक्षा कित्येक पट जड, आणि दुसरा मेलेला, दहा-बारा मैलांचा गोळा, पण त्यात सूर्याहून जास्त वजन ठासून भरलेलं. त्या मोठ्या ताऱ्याच्या अंगावरून सतत वारा सुटतो, त्याचंच अंग झिजून उडत असतं. तो वारा लहान्यावर पडला की क्ष-किरण निघतात. मला ते कळलं ते भात उपणण्यावरून. वाऱ्यावर सूप धरलं की खाली उभ्या असलेल्याच्या अंगावर कोंडा पडणारच.

आता वाद काय होता, तर सगळे म्हणायचे की ही जोडी मंद आहे, तिच्यात विशेष काही नाही. मॅडमना आधीच्या एका उड्डाणात वेगळं दिसलं होतं. अर्धा-पाऊण तास रेघ एकदम वर गेली, आणि मग खाली येऊन पुन्हा मेल्यासारखी. सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, म्हणाले होते, उपकरणात ठिणगी पडली असेल. मॅडम म्हणाल्या, ठिणगी नाही, ताराच भडकला होता. सरांनी शेवटी तडजोड काढली. "एक उड्डाण देतो. पुन्हा दिसलं तर शोधनिबंधावर मी स्वतः तुमच्यासोबत सही करीन. नाही दिसलं तर विषय बदलायचा, आणि हा हट्ट सोडायचा." तीन वर्षांचं काम त्या एका फुग्यावर टांगलेलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चहावाल्यालाही माहीत होतं.

फुगा दूर पूर्वेकडून सुटणार होता आणि वाऱ्याबरोबर पश्चिमेला, आमच्या बाजूला येणार होता. दुपारी तो तिकडच्या केंद्राच्या पल्ल्याबाहेर गेला की संदेश पकडायला इकडे कुणीतरी हवं. कुठे बसायचं ह्यावर चर्चा चालली होती, तेव्हा मी म्हटलं, आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात बसू. घाटापासून जरा अलीकडे टेकाडावर एक शाळा आहे, सुट्टी लागलेली, वर आभाळ मोकळं. सर म्हणाले, ठीक आहे. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबाच होता, रायगड नाव पुढे पडलं. मुंबईच्या त्या बैठकीत आपल्या भागातल्या तालुक्याचं नाव नकाशावर लाल पेन्सिलने गोल झालेलं बघून मला केवढा अभिमान वाटला, काय सांगू!

एप्रिलचे दिवस. टेंपोतून यंत्रं आणली. शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून टेबल मांडलं, मैदानात अँटेना उभी केली, ती हाताने फिरवायची होती. चहूकडे शेतात भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा, भाजायचं काम चाललेलं, त्याचा धूर. मॅडम आणि मी, दोघंच. बाकी सगळे फुग्याच्या टोकाला. पहिल्या दिवशी चाचणी घेतली तर दुपारी पेन वेड्यासारखं नाचायला लागलं. मॅडम घाबरल्या. मी शांतपणे मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "घाबरू नका. सव्वाएकची मालगाडी. बँकर लागलाय." आणि खरंच, पंचवीस मिनिटांनी पेन आपोआप शांत झालं. मॅडम टाळ्या वाजवून हसल्या. "कर्जतवाले, तुम्ही नसतात तर मी याला तारा समजून पेढे वाटले असते!" मी असा फुगलो की वर जाणारा फुगाही लाजला असता. आम्ही लगेच नियम केला. बँकर लागला की पेन उचलायचं, कारण रेघ टोकाला जाऊन पेन आपटतं, कागद फाटतो. इंजिन गेलं की पेन पुन्हा टेकवायचं. तेवढा कागद कोरा, त्यावर लाल पेन्सिलने लिहायचं, 'इंजिन'. नियम माझा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हे तेव्हा कळायला अक्कल हवी.

उड्डाणाच्या दिवशी फुगा आमच्या पल्ल्यात अकराच्या सुमारास आला. मॅडम मैदानात उन्हात, डोक्याला टॉवेल बांधून अँटेना फिरवत होत्या. मी आत पेनाशी. वरचं उपकरण दहा मिनिटं ताऱ्याकडे बघायचं, मग चार मिनिटं बाजूच्या रिकाम्या आकाशाकडे, पुन्हा ताऱ्याकडे. बारा वाजले, साडेबारा वाजले, रेघ सपाट. दर थोड्या वेळाने मॅडम खिडकीतून विचारायच्या, "काही?" मी म्हणायचो, "अजून नाही." त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, का आणखी कशाने, माहीत नाही.

व्हरांड्यात वाडीवरची एक म्हातारी ठाकरीण करवंदांची पाटी घेऊन टेकली होती. आम्हाला पानावर मूठभर करवंदं दिली तिने. आज घाट गप्प आहे, गाडी वाजली नाही, असं काहीसं ती तिच्या बोलीत म्हणाली. मी म्हटलं, "आजी, वारा उलटा आहे, आवाज कसा येईल?" जन्म त्या डोंगरात काढलेल्या बाईला वारा कुठला ते मी शिकवलं.

एक वाजून दहा मिनिटांनी पेन चढायला लागलं.

चाचणीच्या दिवशी बँकरची रेघ करवतीच्या दात्यांसारखी होती, खालीवर, खालीवर. ही तशी नव्हती. ही हळूहळू, सलग, चढाव चढावा तशी चढत होती. हे मला दिसलं. माझ्या डोळ्यांना दिसलं, हे मी आज शपथेवर सांगतो. पण मनगटावर घड्याळ होतं, सव्वाएकची गाडी होती, आणि बापाच्या इंजिनाची खरखर मी आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकत होतो. मला कोण शिकवणार? पेन टोकाकडे निघालं तसं मी ओरडलो, "बँकर लागलाय, मॅडम! पेन उचलतोय!"

"उचला!" त्या बाहेरून म्हणाल्या. क्षणभराचाही विचार केला नाही त्यांनी. माझ्यावर तेवढा विश्वास होता.

मी पेन उचललं. गाडी घाट चढून गेली असेल असा घड्याळावरून हिशेब करून, वर थोडा जादा वेळ धरून, दोन वाजायला दहा कमी असताना टेकवलं. मधली चाळीस मिनिटं कागद कोरा सरकत राहिला. त्या चाळीस मिनिटांत उपकरण दोन-तीनदा रिकाम्या आकाशाकडे वळलं असणार. पेन टेकलेलं असतं तर तेवढ्यापुरती रेघ धाडकन खाली आली असती, आणि शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं की हे इंजिन नाही, इंजिनाला काय माहीत उपकरण कुठे बघतंय. पण पेन माझ्या दोन बोटांत होतं. टेकवलं तेव्हा रेघ पुन्हा सपाट. संध्याकाळी पाचपर्यंत सपाट. मग फुगा गेला.

मॅडमनी कागद बाकावर पसरला. त्या चढावर त्यांनी बोट ठेवलं. "बँकर असा गुळगुळीत चढतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लांबून लागला की असाच." हे मी कुठून काढलं देव जाणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "नक्की इंजिनच ना?" "मॅडम, मी घाटाखालचा माणूस आहे." त्या हसल्या, कागद गुंडाळला, आणि राहायची सोय केली होती त्या शिक्षकांच्या घरी निघून गेल्या.

मी घरी गेलो. आई वाढत होती. बाबांनी विचारलं, "झालं का रं तुमचं काम?" मी म्हटलं, "झालं." बाबा म्हणाले, "तुमचं तरी झालं. आमचा आज समदा खोळंबा. घाटात तार तुटली साडेबाराला. साडेतीनला करंट आला. तवर एक बँकर हालला नाय, उंदीर बी फिरला नाय घाटात."

माझा घास हातातच राहिला. आईने विचारलं, मीठ कमी पडलं का. मी म्हटलं, नाही.

साडेबारा ते साडेतीन. आणि मी एक वाजून दहाला पेन उचललं. मॅडम ज्याची तीन वर्षं वाट बघत होत्या ते आभाळातून आलं होतं, थेट आमच्या भागात, मी निवडलेल्या शाळेत, माझ्या टेबलावर. आणि मी त्याला बँकर म्हणून हाकलून दिलं होतं.

उठून सायकल काढायला हवी होती. खालापूरची वाट काय लांब होती! कागद कोरा होता हे खरं, पण चढाची सुरुवात कागदावर होती, ती सलग होती, वेळ लिहिलेली होती, आणि त्या वेळी घाटात इंजिन नव्हतं हे रेल्वेच्या दप्तरात होतं. मॅडमना एवढंही पुरलं असतं. सरांपुढे उभं राहायला, आणखी एक फुगा मागायला पुरलं असतं. पण मी अंथरुणावर पडून विचार करत राहिलो की सर काय म्हणतील. विभागातले बाकीचे तंत्रज्ञ काय म्हणतील. कुठून घेतला हा, असं म्हणतील. आणि बाबांच्या तोंडचं ते ताऱ्यांचं हापिस. सकाळपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं की मॅडम आपणहून काही विचारतील तर सांगू.

आणि त्यांनी विचारलं. टेंपोत सामान भरताना माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. फटकळ बाई, पण त्या दिवशी आवाज अगदी खाली. "कर्जतवाले, मी रात्रभर त्या चढाचाच विचार करतेय. सरांना काय सांगू? तुम्हाला अजूनही नक्की वाटतं ना, इंजिनच होतं?"

मी अँटेनाच्या नळ्यांना दोरी आवळत होतो. मान वर न करता म्हटलं, "हो मॅडम. इंजिनच."

आदल्या दिवशी मी चुकलो होतो. ह्या वेळी मी खोटं बोललो. ह्या दोन्हीत किती अंतर आहे ते मी तेव्हापासून आजपर्यंत मोजतोय.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवायला मला सोसत नाही. सरांनी कागद बघितला, लाल पेन्सिलने लिहिलेलं 'इंजिन' वाचलं आणि विषय बदलायला सांगितलं. त्यांनी काही वाईट केलं नाही, ठरलेलं तेच केलं. मॅडमनी चार-पाच महिने दुसऱ्या विषयावर काम केलं, म्हणजे केल्यासारखं केलं. मग राजीनामा दिला आणि गावाकडच्या कॉलेजात शिकवायला लागल्या. जाताना सगळ्यांना पेढे दिले. मला म्हणाल्या, "बघा, शेवटी पेढे वाटलेच." मी तो पेढा खाल्ला. खाल्ला की हो मी तो! नंतर विभागातले जुने कागद रद्दीत चालले होते, त्यातून तो तुकडा मी काढून घेतला आणि घरी पेटीत ठेवला. कशासाठी, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

सात-आठ वर्षं गेली. एका रविवारी मी घरी होतो. बाबा निवृत्त झाले होते, आई गेली होती. दुपारी दारात मॅडम. केस पांढरे व्हायला लागलेले, बाकी तशाच. कॉलेजची सहल घेऊन कोंडाण्याची लेणी बघायला आल्या होत्या. मुलांना दुसऱ्या शिक्षकांबरोबर स्टेशनात बसवून, गाडीला वेळ होता म्हणून भिसेगावात विचारत विचारत आल्या. "म्हटलं बघू तरी, ते रेडिओवर भाकरी भाजणारं घर कुठलं!"

मला खरंच आनंद झाला. पाच मिनिटं मी सगळं विसरलो. बाबांना तर काय करू नि काय नको झालं. स्वतः उठून चहा केला. ओळख करून दिली तसे म्हणाले, "बाई, तुमचा फुगा मला पक्का याद हाय. शाळंवर आलावतात तुमी. त्याच दिशी आमची तार तुटलीवती घाटात."

मॅडमच्या हातात कप होता. "त्याच दिवशी?" त्या म्हणाल्या.

"त्याच. मी घरी आलो नि पोराला म्हनलं, तुमचं काम झालं, आमचं खोळंबलं."

"किती वाजता तुटली होती, बाबा?"

मी मधे काहीतरी बोलायला गेलो. चहा गार होतोय, असलं काहीतरी. बाबांनी हाताने मला थांबवलं. त्यांना कुणी रेल्वेची वेळ विचारली की ते नीटच सांगायचे. "साडेबारा. करंट आला साडेतीनला. मालगाडी जाग्यावर उभी. बँकरच्या सावलीत बसून मी डबा खाल्ला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. त्या बाबांना म्हणाल्या, "चहा फार छान केलात." आणि उठल्या.

मी पेटीतून तो तुकडा काढला आणि त्यांच्यामागे धावलो. आळीच्या टोकाला त्या थांबल्या.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला अजून एकदा जागा होती. आत्ताच, तुमच्यासोबतच कळलं, म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "त्याच संध्याकाळी."

"म्हणजे सकाळी टेंपोपाशी मी विचारलं तेव्हा..."

"माहीत होतं."

त्या चिडतील असं मला वाटलं होतं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "नोकरीचं मी म्हणत नाही. शिकवायला मला आवडतं. पण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलेय, की बाई, तुला जे हवं होतं तेच तुला दिसत होतं. त्यानंतर मला कसलीच खात्री वाटली नाही हो. मुलांचे पेपर तपासतानासुद्धा चार-चार वेळा बघते."

मी कागद पुढे केला. त्यांनी उलगडला. तो चढ, मग ती कोरी जागा, आणि माझ्या अक्षरातलं 'इंजिन'. चढावरून एकदा बोट फिरवलं, आणि कागद परत माझ्या हातात दिला. "असू दे तुमच्याकडे," म्हणाल्या. "माझं यावर बोटभरच आहे. बाकी सगळं तुमचं." आणि स्टेशनाच्या वाटेने गेल्या. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार?

घरी आलो तर बाबा दारातच. "बाईंचं तोंड असं का झालं रं? मी काय चुकीचं बोललो का?"

"नाय बाबा. तुमी बरोबरच बोललात." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं, पेनापासून टेंपोपर्यंत. बाबांनी एकदाही मधे तोडलं नाही. त्यांच्यासारख्या बोलक्या माणसाने. शेवटी एवढंच विचारलं, "मंग सकाळी बावटा का नाय दाखवलास?"

"तुमची मान खाली गेली असती, बाबा."

"माझी?" ते म्हणाले. "माझी मान खाली जाऊ नये म्हनून त्या बाईची घातलीस व्हय?"

त्याच आठवड्यात मी सरांना पत्र लिहिलं, सही करून, काही न लपवता. त्याची एक प्रत मॅडमना पाठवली. सरांचं चार ओळींचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, पण कोऱ्या कागदावरून काही सिद्ध करता येत नाही. बैल गेला नि झोपा केला. मॅडमचं उत्तर आलं नाही. पुढे कित्येक वर्षांनी उपग्रहांनी असल्या जोड्या एकामागून एक पकडल्या. अवाढव्य तारा, त्याचा वारा, आणि शेजारचा लहाना एरवी मेल्यासारखा, पण अधूनमधून काही तासांपुरता भडकणारा. तो वारा एकसारखा नसतो, त्यात गठ्ठे असतात, त्यातला एखादा लहान्यावर पडत असावा, असं म्हणतात. सुपातून कोंड्याचा गठ्ठा एकदम सुटतो तसा. हे मी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा घरात सांगायला कुणी उरलं नव्हतं.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. मॅडम येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी आळीत एक लग्न होतं. मांडवात बाबा नि मी शेजारी बसलो होतो. नवरीकडचे एक पाहुणे माझ्याकडे बघून बाबांना म्हणाले, "हा तुमचा मुलगा ना? काय करतो?" मी सवयीने मान खाली घातली. आता ते ताऱ्यांचं हापिस येणार, आता सगळा मांडव वळून बघणार, आणि मला लाजल्यासारखं करावं लागणार. बाबांनी पानाला चुना लावला, घडी घातली.

"मुंबईला कामाला हाय," ते म्हणाले, आणि पान तोंडात टाकलं.